भाव सारखाच, नशीब वेगळं

"काकू, ओ काकू! कापूस इकला का नाही अजून?"

"कुठचा बाई! व्यापारी सात हजाराच्या वर बोलत नाही. सरकारी खरेदी केंद्रावर नेला तर ओल पायते. आठ टक्के पाह्यजे म्हणते. बारापर्यंत पैसे कापून घेते, त्याच्यावर गेला का गाडी वापस."

"अन् २०२५-२६चा हमीभाव म्हणे ८,११०!"

"कागदावरच्या भावानं चूल पेटते का?"

"ऐका तर. माह्या भाच्याचा फोन आला होता अमेरिकेतून. टेक्सासात लबक म्हणून जिल्हा हाय, तिकडं त्याले काउंटी म्हणते. चहूकडं पऱ्हाटीच पऱ्हाटी. तिथंबी सरकारनं भाव ठरवला हाय. सरकीसकट कापसाले पौंडामागं ४२ सेंट, २०२५च्या नव्या कायद्यानं. भाच्यानं हिशेब करून सांगतलं, आपल्या क्विंटलले आठ हजाराच्या आसपास पडते."

"म्हणजे आपल्याएवढाच?"

"हाव! पण तिथं त्या भावानं सरकार कापूस घेत बसत नाही. ज्याले इकाचा त्याले इका. वर्षाचा सरासरी बाजारभाव ४२च्या खाली गेला, का फरक सरकार देते. ना ओल, ना रांग."

"लगेच भेटते?"

"लगेच कुठचं! हंगाम सरल्यावर, पुढच्या ऑक्टोबरात. पण गंमत पुढंच हाय. हा फरक यंदाच्या पेऱ्यावर नाही भेटत. सरकारच्या वहीत आधीपासून जेवढे एकर कापसाचे म्हणून लिहून हायेत, त्यातल्या ८५ टक्क्यांवर भेटते. त्या वावरात आज ज्वारी असली तरी चालते."

"अगं बाई! पेरली ज्वारी अन् पैसे कापसाचे?"

"माणशी मर्यादा हाय ना, २०२५च्या वर्षाले १ लाख ५५ हजार डॉलर."

"मर्यादा म्हणते त्याले! आपल्याकडं २०२३च्या खरिपाचे कापूस-सोयाबीनचे हेक्टरी पाच हजार आले, तेबी दोन हेक्टरपर्यंत. सामाईक सातबाऱ्यापायी दिरांची संमती आणता आणता माह्ये नाकी नऊ आले."

"तिकडं उलटं. भागीदारीत कारभार पायणारी नावं जितकी, तितक्या मर्यादा. २०१८च्या कायद्यानं तर चुलत भाऊ, भाचे, पुतणे सारे कुटुंबात धरले."

"आमच्या पुतण्याले वावर कोणत्या दिशेले हाय हेबी माहीत नाही!"

"अन् लपत काही नाही, काकू. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था १९९५पासूनची यादी काउंटीवार, नावानिशी लावते. कोणाले किती गेले, सारं गाव वाचते."

"मंग तिथल्या बाया कुंपणावर बोलत काय असतील!"

"बायाचं सोडा, दुसरे देशबी बोलले. ब्राझीलनं २००२मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भांडण मांडलं, का तुमच्या अनुदानानं जगात कापसाचा भाव पडते. निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला. २०१४मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन मिटवलं."

"भाव तर आपलाबी पडला. आपल्याले काय भेटलं?"

"आपल्याले? ऑगस्ट २०२५मध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क उठलं, ते डिसेंबरपर्यंत. म्हणजे तिकडचा कापूस इकडं यायले तवा अजून सोपं झालं."

"मंग आपणबी भावातला फरकच मागाव का?"

"मागाव ना! पण अमेरिकेची नक्कल नको. तिथं कापूस न पेरणाराबी घेते, इथं पेरणारा कोरडा राह्यते. यंदा ज्यानं पऱ्हाटी पेरली त्याच्याच खात्यात फरक टाका, मंग तो बटईदार का असेना. अन् यादी लावा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर."