किडनी तुमची, खाडाही तुमचाच

मार्च 2025 मध्ये रायपूरच्या एम्समध्ये बिलासपूरच्या दोन कुटुंबांनी किडन्यांचं साटंलोटं केलं. दोन्ही नवरे डायलिसिसवर, दोन्ही बायका किडनी द्यायला तयार, पण रक्तगट आडवे आले. मग हिची किडनी तिच्या नवऱ्याला आणि तिची हिच्या. डॉक्टरांचं कौतुक झालं, ते रास्तच. अशा ऑपरेशनात डॉक्टरांना शाबासकी मिळते, नवऱ्याला आयुष्य मिळतं आणि बायकोला पुण्य. पुण्यावर आयकर नाही, एवढाच तिचा आर्थिक लाभ.

बायकोच म्हणतोय, ते उगाच नाही. 2019 ते 2023 या काळात देशात 56,509 जणांनी जिवंतपणी अवयव दिले. त्यांत बायका 36,038. घेणाऱ्यांच्या रांगेत मात्र पुरुष जास्त. कर्ता पुरुष वाचला पाहिजे यावर घरात सगळ्यांचं एकमत असतं. बाईचं मत विचारायची आठवण होते ती सहीच्या वेळी.

समजा, देणारी रायपूरची रेजा आहे. रेजा म्हणजे बांधकामावर डोक्यावरून विटा-रेती वाहणारी बाई. सकाळी चावडीवर, म्हणजे मजूरनाक्यावर, उभं राहायचं, ठेकेदारानं बोट दाखवलं तर त्या दिवसाची रोजी पक्की. ऑपरेशननंतर तिला बजावून सांगतात, ‘बाई, काही आठवडे जड उचलायचं नाही.’ सल्ला सोन्यासारखा. पण रेजाला हलकं उचलायचे पैसे कोण देणार? त्याआधी तपासण्यांचे खाडे, बसभाडं, सोबत आलेल्या दिराची बुडालेली मजुरी. नवरा तर आजारपणापासून घरीच. घरात चालत्या किडन्या दोन, कमावते हात शून्य.

केंद्र सरकारला हे दुःख कळतं. 2023 मध्ये हुकूम निघाला: अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला 42 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा. तेव्हा रेजानं आधी केंद्रात चिकटावं, मग किडनी द्यावी. क्रम चुकवू नये.

राज्यही मागं नाही. छत्तीसगडच्या मुख्यमंत्री विशेष स्वास्थ्य सहायता योजनेत मोठ्या आजारांसाठी 20 लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. प्रत्यारोपणही त्यात बसतं. म्हणजे किडनी नवऱ्याच्या पोटात पोचली की सरकारची लाडकी. बायकोच्या पोटात होती तोवर तिचा खासगी मामला. शेजारच्या ओडिशानं मरणोत्तर दात्यांना शासकीय इतमामात निरोप आणि कुटुंबाला 5 लाख जाहीर केले. उत्तमच केलं. आमच्या रेजाची पंचाईत एकच: ती जिवंत आहे.

यावर जाणकार मान हलवतात. पैसे दिले तर किडनीचा बाजार मांडला जाईल, म्हणतात. भीती खरी आहे. म्हणून तर अवयव प्रत्यारोपण कायद्यात विक्रीला 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड आहे. पण 1994 च्या त्याच कायद्यात असंही म्हटलंय, की दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं हा मोबदला धरू नये. म्हणजे देता येतं. कुणी द्यायचं, ते मात्र लिहिलेलं नाही. खिडकी काढली, कॅशियर बसवायचा राहिला. इस्रायलनं 2008 च्या कायद्यात तो बसवला; तिथं दात्याला 40 दिवसांची बुडालेली कमाई मिळते. त्यापायी तिथं किडन्यांची मंडई भरल्याचं ऐकिवात नाही.

आपलं सरकार दात्याची कमाई विचारतच नाही, असं समजू नका. दाता जवळचा नातेवाईक नसेल, तर त्याच्या मागच्या 3 वर्षांच्या उत्पन्नाचे कागद परवानगी देणारी समिती बारकाईनं बघते. गरीब निघाला की शंका: विकत तर नाही ना? दात्याची गरिबी सरकारदरबारी येते ती संशयिताच्या पिंजऱ्यात उभी राहायला.

हिशेबच मांडायचा तर पुरता मांडू. डायलिसिस आठवड्याला दोन-तीनदा, म्हणजे वर्षाला शंभरावर. 2016 पासून गरिबांसाठी त्याचा सरकारी कार्यक्रम आहे. रेजाची किडनी बसली की तो खर्च थांबतो. दान नवऱ्याला झालं, शिल्लक सरकारच्या खात्यात पडली. ऑपरेशनच्या दिवशी सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, वॉर्डबॉय, फाटकाबाहेरचा चहावाला, सगळ्यांची रोजी निघते. खाडा पडतो एकटीचा, आणि जमलेले असतात सगळे तिच्याच किडनीसाठी.

म्हणून एक नम्र सूचना. उत्पन्न विचारायची सवय आहेच, तर दात्याच्या अर्जात ‘बुडालेली रोजी’ असा रकाना छापा, आणि तो भरला की पैसेही भरा. ते होईपर्यंत 3 ऑगस्टच्या अवयवदान दिनी व्यासपीठावरून त्यागाचा गौरव तेवढा बंद ठेवा. त्या भाषणाला प्रवासभत्ता मिळतो.