आक्कांच्या थोरल्याची पिकअप

वहिनी, हा कढीपत्ता घ्या आधी हातात, मग सांगते. आणि जरा जास्वंदीच्या आडोशाला या. आक्का ओट्यावर बसल्यात, अन् विषय त्यांच्या थोरल्याचाच आहे.

शाफ्ट तुटला म्हणे त्याच्या पिकअपचा. म्हणे काय, तुटलाच. मढच्या पुढं, माळशेज लागायच्या आधी एका गतिरोधकावर. मागं टोमॅटो गच्च भरलेला, पहाटेच्या आत वाशी गाठायची घाई. गतिरोधकापाशी गाडी हळू केली, परत उचलायला गेला आणि खालून धाडकन आवाज. इंजिन आपलं ओरडतंय, चाक मात्र जागचं हलत नाही. ह्यानं सवयीनं पहिल्या गिअरात टाकली आणि खाली उडी मारली. आता शाफ्टच तुटलाय म्हटल्यावर गिअर चाकांना धरून ठेवणार कसा? हँडब्रेक आधीच ढिला. गाडी लागली की चढावरून मागं सरकायला! बरोबरच्या पोरानं पळत जाऊन चाकामागं दगड टाकला म्हणून बरं. आमचे हे म्हणाले, हेच भरल्या गाडीनं घाट उतरताना झालं असतं, तर गिअरचा अटकाव गेला असता आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर. तेव्हा देव पावलाच म्हणायचं.

माल? माल दुसरी पिकअप बोलावून पलटी केला मध्यरात्री. तिचं भाडं वेगळं, हमाली वेगळी. मार्केटला पोचेपर्यंत भाव उतरलेला. आणि ही गाडी टोचन लावून आळेफाट्याला.

आता खरी गंमत ऐका. वर्कशॉपवाल्यानं इस्टिमेट दिलं 24,000 रुपयांचं. संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोलणं, लुटलं हो पोराला. पारावर तर कुणीतरी चाळीस हजारांवर नेलं. मला नाही पटत. मी आक्कांचं मीठ खाल्लंय, पण खरं ते खरं. ह्या खर्चाला सुरुवात गणपतीतच झाली होती, आणि ती वर्कशॉपात नाही झाली.

गणपतीच्या आधीपासूनच ती गाडी आवाज करायची, आठवतंय? पहाटे गल्लीतून निघाली की गिअर टाकताना टक्. रिव्हर्स टाकला की परत टक्. हळू जाताना चिमणी ओरडावी तसं चिव् चिव्. हे अंथरुणातूनच म्हणायचे, "क्रॉस कोरडा पडलाय त्याचा." यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. नवऱ्याचं घोरणं मी ओळखावं, तसे हे क्रॉस ओळखतात. एकदा रस्त्यात थांबवून सांगितलंही. तर हा म्हणतो, "तात्या, क्रेट वाजतात ते." आणि गाण्याचा आवाज वाढवला.

क्रॉस म्हणजे काय? थांबा, मला यांनी इतक्यांदा सांगितलंय की मी परीक्षा देईन. गिअरबॉक्स पुढं, चॅसीला बांधलेला. मागच्या चाकांचं हौसिंग पाट्यांवर, खड्ड्यागणिक खालीवर होणारं. दोघांच्या मधून ताकद न्यायला तो लांब पोकळ नळीचा शाफ्ट. पिकअपसारख्या लांब गाडीला तो दोन तुकड्यांत असतो, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. आता फिरता फिरता वाकायलाही हवं, म्हणून सांध्याला क्रॉस. अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, चार टोकांना चार वाट्या आणि वाटीत सुयांसारखे बारीक रोलर. ग्रीस संपलं की त्या सुया एकमेकींना खातात आणि वाटीच्या कडेनं तांबूस पूड गळायला लागते. ती पूड दिसली की समजायचं, क्रॉस गेला. तेव्हा बदलला तर पार्टला हजाराच्या आसपास आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, संपलं.

पण आपला गडी काय करतो? गणपतीत रस्त्याकडेच्या कुण्या एकाकडून क्रॉस बदलून घेतला. स्वस्तात, तासाभरात. त्यानं शाफ्ट काढताना खूण केली नाही. वहिनी, इथंच सगळं बिघडलं बघा. शाफ्टचे दोन भाग एकमेकांच्या दात्यांमध्ये सरकून बसतात. एक दाता इकडं की तिकडं, वरून काही कळत नाही. पण दोन्ही टोकांचे कान, ज्यांत क्रॉसच्या वाट्या बसतात ते, एका रेषेत यावे लागतात. कारण एक क्रॉस वाकून फिरला, की पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरतो. दुसरा क्रॉस ती चूक निस्तरतो, पण कान रेषेत असले तरच. पुस्तकात याला हूक्स जॉइंट म्हणतात म्हणे, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा इंग्रज पंडिताच्या नावानं. एसटीत शाफ्ट उतरवायच्या आधी खडूनं नाहीतर पंचानं खूण करायची, ही पहिली शिकवण. ह्या कारागिरानं ना खूण केली, ना बघितलं. शाफ्टवर छोटी पट्टी वेल्ड केलेली असते ना, बॅलन्सिंगची, तीही मळ समजून छिन्नीनं उडवली!

झालं. साठच्या पुढं गेलं की गाडी थरथरायची. साठच्या आत घेतली की गप्प. थोरला म्हणायचा, रस्ताच खराब आहे. त्या थरथरीनं सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं, रबर फाटल्यावर शाफ्ट हेलकावे खायला लागला, आणि नवा घातलेला क्रॉस पाच-सहा महिन्यांत गेला.

आणि भार? गाडीचं पासिंग दीड टनाचं. टोमॅटोचा एक भरलेला क्रेट वीस-बावीस किलोचा. हा भरतो शंभर! करा हिशेब. ओझं पेलावं म्हणून मागं जादा पाटे टाकून घेतले. त्यानं गाडीची मागची बाजू उचलली, शाफ्टचा कोन बदलला, क्रॉसला रोजचं जास्त वाकावं लागलं. पकडला असता तर वेगळंच. 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्यात ओव्हरलोडला 20,000 दंड, वर दर जादा टनाला 2,000. म्हणजे जवळजवळ शाफ्टचीच किंमत, आणि पावती धरून परत यायचं.

विमा? अहो, आक्कांनी मला तेच विचारलं, डोळ्यांत पाणी आणून. फुल विमा आहे म्हणाल्या. असू दे की. अपघात झाला तर विमा, झीज झाली तर नाही. असं झिजून तुटणं, आपोआप बिघडणं, हे पॉलिसीत स्पष्ट वगळलेलं असतं. असं बंद पडल्यावर टोचनचा खर्चसुद्धा वेगळं कलम घेतलं असेल तरच मिळतो. ते त्यानं घेतलं नव्हतं, तीनेकशे रुपये वाचवले.

मग काय, आक्कांनी यांना हात जोडले. हे गेले आळेफाट्याला थोरल्याबरोबर. गाडीखाली आडवे झाले, या वयात! मला तर शर्ट बघूनच कळलं. वर्कशॉपवाल्याला एवढंच विचारलं, "दोन्ही तुकडे कशाला लिहिलेत?" मोडला होता मधला क्रॉस, सेंटर बेअरिंगच्या लगेच मागचा. त्यामुळं मागच्या तुकड्याचं तोंड रस्त्यावर आपटलं आणि नळी चेपली. वेग असता तर तेच तोंड डांबरात रुतलं असतं, मग गाडीचं काय झालं असतं ते बोलायला नको. चेपलेली नळी ठोकून सरळ होत नाही, कितीही कुणी म्हणो. कानाची भोकंही वाटी फिरून फिरून रुंदावली होती. तेव्हा मागचा तुकडा नवाच हवा, यात वाद नाही. पण पुढचा? लेथवर लावून फिरवला, सरळ निघाला. कान शाबूत. त्याला नुसता क्रॉस आणि नवं सेंटर बेअरिंग.

वर्कशॉपवाल्यानंही हुज्जत घातली नाही, हे सांगायला हवं. म्हणाला, गिऱ्हाईक घाईत असतं, अख्खा सेट बॅलन्स होऊन येतो, वॉरंटी देता येते, म्हणून तसं लिहितो. बोलला ते काही खोटं नाही. मग ठरलं, एक तुकडा नवा, एक जुना, आणि दोन्ही जोडून पुण्याला बॅलन्सिंगच्या मशीनवर. बिल 16,500 वर आलं. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून पार्ट्सवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्ट्सना 28 होता, तेवढं तरी हलकं. जादा पाटे यांनी समोर काढायला लावले. थोरल्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही.

आणि जुने क्रॉस पिशवीत घालून घरी आणले. का म्हणजे? बदलले की नाही कळायला नको? हे कुठलाही पार्ट बदलला की जुना मागून घेतात. आमच्या माळ्यावर अर्धा डेपो आहे.

तेव्हा लुटलं-बिटलं काही नाही. गणपतीत जे दीड हजार वाचवले म्हणून मिरवत होता, त्याचे हे साडेसोळा. वर टोमॅटोचं नुकसान, टोचन, भाडं, आणि गाडीचा हप्ता काही थांबला नाही. आक्कांना मी हे बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.

एक मात्र तुमच्या कानावर घालते, राग मानू नका. तुमचा भाचा काल जुनी पिकअप घेऊन आला होता ना, ती फाटकातून मागं घेताना टक् वाजली. हे ओसरीवरून म्हणाले, "हा दुसरा." सांगा त्याला, रविवारी गाडी रिकामी घेऊन यायला. मधल्या क्रॉसचं ग्रीस भरायचं निप्पल अडचणीत असतं, पोरं तेच सोडून देतात. हे चारही वाट्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारून देतील. मजुरी नको, फक्त ग्रीसचा डबा त्यानं आणावा.