वॉशिंग मशीनच्या मागे

केंटकीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न विचारतात. कुठल्या चर्चला जातोस, आणि निळा की लाल? 1995 च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला लेक्सिंग्टनला उतरलो, तेव्हा पहिल्या प्रश्नातून 'आमची अंबाबाई' असं सांगून सुटलो. दुसऱ्यातून सुटका नव्हती. ज्या बाईंच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली, त्यांनी किल्ली हातात देण्यापूर्वी माझ्या लाल टी-शर्टकडे बघून विचारलं, "हा रंग मुद्दाम आहे, की गरिबीमुळे?"

गरिबीमुळे, असं मी सांगितलं. मग किल्ली मिळाली.

थोडं समजावून सांगायला हवं. केंटकी राज्यात एनबीएचा संघ नाही. त्यामुळे इतर ठिकाणी माणसं जे प्रेम, पैसा आणि रक्तदाब चार-पाच व्यावसायिक संघांत वाटून टाकतात, तो सगळा ऐवज इथं कॉलेजच्या बास्केटबॉलवर उधळला जातो. निळे म्हणजे लेक्सिंग्टनची युनिव्हर्सिटी ऑफ केंटकी. लाल म्हणजे सव्वाशे किलोमीटरवरच्या लुईव्हिलची. निळे स्वतःला थोरली पाती समजतात, आणि थोरल्या पातीनं धाकटीशी खेळणं कमीपणाचं म्हणून कित्येक दशकं त्यांनी लालांशी नेहमीच्या हंगामात सामनाच ठेवला नव्हता. शेवटी 1983 साली राष्ट्रीय स्पर्धेत नॉक्सव्हिलला गाठ पडलीच. त्या सामन्याला राज्याचे गव्हर्नर अर्धा लाल, अर्धा निळा कोट शिवून हजर होते. आमच्याकडचे पुढारी असा कोट आतल्या बाजूनं घालतात, एवढाच फरक. लाल जिंकले, आणि त्याच वर्षापासून दरवर्षी सामना सुरू झाला.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेला. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी मंगळवार पेठेतल्या मामाकडे जेवायला जायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यामुळे माझ्याबरोबरची हैदराबादची, मद्रासची हुशार मुलं 'हे लोक वेडे आहेत का?' असं विचारत असताना मला मात्र पहिल्याच महिन्यात घरी आल्यासारखं वाटलं.

बाईंच्या स्वयंपाकघरात दोन फ्रेम होत्या. एक येशूची. दुसरी रिक पिटिनोची, आणि ती किंचित मोठी होती. पिटिनो हा निळ्यांचा कोच. 1989 साली तो न्यू यॉर्कहून आला, तेव्हा नियमभंगाच्या भानगडींत संघाची अब्रू गेली होती, शिक्षा झाली होती, चांगले खेळाडू सोडून गेले होते. उरलेल्या पोरांना घेऊन त्यानं तीन वर्षांत संघ असा उभा केला, की 1992 मध्ये ड्यूकसारख्या बलाढ्य संघाला त्यांनी जादा वेळेत खेचलं आणि अगदी शेवटच्या क्षणाच्या बास्केटवर 104–103 असे हरले. तो हरलेला सामना बाई पानिपतासारखा सांगत. मी ऐकला तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती, तरी शेवटचा पास आला की त्या हातातला चमचा खाली ठेवत. मग 1996 साली सिरॅक्युसला 76–67 हरवून पिटिनोनं राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. त्या रात्री बाईंनी मला मिठी मारली आणि महिन्याचं भाडं माफ केलं. सकाळी भाडं परत मागितलं, पण मिठीचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

1997 मध्ये पिटिनो बॉस्टनला, एनबीएत गेला. बाई रडल्या, पण ते लेक मोठ्या घरी दिल्यावर रडतात तसं. फ्रेम जागेवर राहिली. बॉस्टनला त्याचं काही जमलं नाही, तेव्हा पोरीचा सासुरवास ऐकावा तशा त्या बातम्या वाचत. आणि 2001 च्या मार्चमध्ये ती बातमी आली. पिटिनो केंटकीत परत येतोय. लेक्सिंग्टनला नाही, लुईव्हिलला.

माणूस चंद्रावर गेला तरी चालतो, पण बांधाला बांध लागून असलेल्या भाऊबंदांकडे गेलेला चालत नाही. बाईंनी फ्रेम उतरवली. फेकली का, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "मी कुणाला फेकत नाही. वॉशिंग मशीनच्या मागे आहे, भिंतीकडे तोंड करून."

मीही तितकाच संतापलो होतो. आयुष्यात इतकं निर्मळ, निःस्वार्थ संतापायला फार कमी वेळा मिळतं. एवढा एक तपशील होता, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात मीदेखील लुईव्हिलला नोकरी धरली होती. पण ती गोष्ट वेगळी. डॉट-कॉमचा फुगा फुटलेला, व्हिसाची टांगती तलवार, नवं लग्न, आणि ते लोक पगार जास्त देत होते. मी तत्त्वानं निळाच होतो, फक्त पोटानं लाल.

कोल्हापूरला वडिलांना फोनवर पिटिनोची हकीकत सांगितली. बास्केटबॉलचा चेंडू त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता, पण समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजे पेठ बदलली म्हण की त्यानं."

"हो ना!"

"संपलं मग. त्याचं तोंड बघू नये." थोडं थांबून म्हणाले, "आणि तुजी नवी नोकरी कुठल्या गावाला म्हणालास?"

लाइन कट झाली. म्हणजे मी केली.

त्या वर्षी 29 डिसेंबरला पिटिनो लालांना घेऊन लेक्सिंग्टनच्या रप अरीनात आला. बाईंनी स्वतःच्या आणि दिवंगत नवऱ्याच्या जागेची अशी दोन तिकिटं मला आणि बायकोला दिली. त्या स्वतः आल्या नाहीत, 'मयताला मी लांबूनच जाते' म्हणाल्या. आत वीस हजारांहून जास्त माणसं, आणि तो दारातून बाहेर आल्यावर जो आवाज उठला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. पाच वर्षांपूर्वी याच माणसासाठी याच लोकांनी घसे फोडले होते, म्हणून असेल कदाचित, आवाजाला सराव होता. इंग्रजीत शिव्या देताना माझा जोर कमी पडतो. त्यामुळे मी उभा राहून शुद्ध कोल्हापुरीत 'ज्या ताटात जेवलास' पासून सुरुवात केली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ काही न कळता वळून म्हणाले, "अगदी बरोबर!"

बायकोनं शर्ट ओढून मला खाली बसवलं. ती पुण्याची. भावना अनावर झाल्यावर ती तपशील विचारते. "सोमवारी तुला ऑफिस आहे का?"

"आहे."

"कुठं?"

निळे 82–62 जिंकले. निळ्यांचा कोच तेव्हा टबी स्मिथ, म्हणजे पिटिनोचाच एकेकाळचा सहायक, त्यामुळे लोकांना दुधात साखर पडल्यासारखं झालं. परतीच्या सव्वाशे किलोमीटरांत आमच्या गाडीत मात्र कुणी बोललं नाही.

पुढली वर्षं मी लुईव्हिलच्या ऑफिसात निळा मोजा घालून काढली. मोजा, कारण पँटखाली दिसत नाही. दरम्यान हे प्रकरण किती थराला जातं याचे पुरावे मिळतच होते. 2012 साली दोन्ही संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत समोरासमोर आले. त्या आठवड्यात लेक्सिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमध्ये एका डायलिसिस केंद्रात एक निळे आणि एक लाल आजोबा हातघाईवर आले, वयं अडुसष्ट आणि एकाहत्तर. पोलीस बोलवावे लागले. मी ही बातमी वडिलांना सांगितली, तर ते कौतुकानं म्हणाले, "आपल्या पेठंत अजून एवढं नाही."

पिटिनोनं 2013 मध्ये लालांनाही अजिंक्यपद मिळवून दिलं. भानगडींपायी 2017 मध्ये त्याला काढलं, आणि पुढच्या वर्षी ते अजिंक्यपदही काढून घेतलं. बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "कुठलं अजिंक्यपद?" त्यांच्या दप्तरी ते कधी जमाच नव्हतं.

आणि मग काळानं कूस बदलली. निळ्यांकडे 2009 पासून जॉन कॅलिपारी होता. 2012 चं अजिंक्यपद त्याचंच, आणि बाईंच्या भिंतीवर त्या खिळ्याला आता त्याची फ्रेम. 2024 च्या एप्रिलमध्ये तो उठून आर्कान्सॉला गेला. त्याच्या जागी आला मार्क पोप, 1996 च्या त्या संघातला, पिटिनोच्या हाताखाली तयार झालेला. ऑक्टोबरमध्ये हंगामाच्या आरंभाचा जलसा झाला, तेव्हा पोपनं कुणाला बोलावलं असेल? बहात्तरीला आलेला पिटिनो रप अरीनात चालत आला आणि सगळी जत्रा उभी राहून टाळ्या वाजवू लागली. चार महिन्यांनी, 1 फेब्रुवारी 2025 ला, त्याच जागी कॅलिपारी आर्कान्सॉ घेऊन आला, तेव्हा हुर्योचा सगळा साठा त्याच्यासाठी बाहेर काढला. तो 89–79 जिंकून गेला, ही गोष्ट आम्ही फारशी बोलत नाही.

मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत कॅलिपारीचं आर्कान्सॉ आणि पिटिनोचं सेंट जॉन्स समोरासमोर आले. दोन्ही सोडून गेलेले. कुणाच्या बाजूनं ओरडायचं हे विचारायला मी शनिवारी बाईंकडे गेलो. बाई आता नव्वदीच्या उंबरठ्यावर. "रिकच्या," त्या म्हणाल्या. "तो आपला आहे. आणि बरा आलास, वॉशिंग मशीन गळतंय."

मी मशीन पुढे ओढलं. मागे, भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांत वर कॅलिपारी, अजून धूळसुद्धा बसलेली नव्हती. त्याच्याखाली पिटिनो. ती फ्रेम ओढली तर तिच्या पाठीला ओलीनं आणखी एक फोटो चिकटलेला. जपून सोडवला. काळा झगा, चौकोनी टोपी, आणि आमच्या घराण्याचं नाक. माझा पदवीदानाचा फोटो. बाईंच्या फ्रिजवरून तो कधी नाहीसा झाला, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हा...?"

"2001," बाई म्हणाल्या. "मे."

मी दोन्ही फोटो पुसले. पिटिनोला येशूशेजारच्या खिळ्यावर लावला. दुपारी तो 75–66 हरला, पण बाईंनी फ्रेमला हात लावू दिला नाही. मग मी माझा फोटो घेऊन फ्रिजपाशी गेलो आणि एक मोकळं चुंबक शोधू लागलो.

"थांब," बाई म्हणाल्या. "रिकनं ते गाव 2017 लाच सोडलं. तू अजून तिथंच राहतोस ना?"

"हो, पण..."

"मग मशीन ढकलायच्या आधी तो आत ठेव. आणि पाइपचं बघ."