न दिसणाऱ्या अक्षरामागे लागलेले वेडे

टेक्स्ट एडिटरमधला एखादा बग शोधत रात्र घालवणं हा व्यवहारी माणसाच्या लेखी निव्वळ खुळेपणा आहे. त्यातून नवं बटण मिळत नाही, जाहिरातीत मिरवावं असं काही हाती येत नाही. दुरुस्तीनंतर फाइल जशी दिसायला हवी होती तशी दिसते, एवढंच. या खुळेपणाची मी मनापासून तारीफ करतो.

मराठीचंच घ्या. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा एक जोडक. हा जोडक डोळ्यांना दिसतच नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण शोध घेताना एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं; त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवत. त्या काळच्या फाइलीत आज ‘ॲप’ शोधा, काही मिळणार नाही. शोधणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

याहून वाईट म्हणजे साफसफाई. न दिसणारी अक्षरं म्हणजे कचरा, अशा समजुतीनं कुणी ती सरसकट काढून टाकली, की जोडकावर उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. स्पेलचेकरही तक्रार करत नाही, कारण दर्या हा चांगला मराठी शब्द आहे. असा बग ज्याला खुपतो तो माणूस मला आपला वाटतो.

ओळ संपल्याची खूण पाहा. टेलिटाइप यंत्रावर कॅरेज डावीकडे आणणं आणि कागद एक ओळ सरकवणं ही दोन कामं होती, म्हणून खुणाही दोन. युनिक्सनं त्यातली एकच ठेवली, डॉस आणि विंडोजनं दोन्ही. नोटपॅड १९८५ पासून, पहिल्या विंडोजपासून आहे. पण युनिक्सवर लिहिलेली फाइल त्यात उघडली की अख्खा मजकूर एका सलग ओळीत कोंबलेला दिसे. ती दुरुस्ती २०१८ साली झाली. मधल्या काळात लोकांनी दुसरे एडिटर शोधले आणि निमूट पुढे गेले. एवढ्या वर्षांनी ते काम हाती घेणाऱ्यांचं मला फार कौतुक आहे. लोकांना सवय झाली म्हणून त्यांनी बगला रीत मानलं नाही.

नाहीतर काय होतं ते जनुकांच्या बाबतीत दिसलं. एक्सेलमध्ये ‘मार्च१’ किंवा ‘सेप्ट१’ या जनुकांची इंग्रजी नावं टाइप केली की त्यांच्या तारखा होत, आणि त्या तशाच शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांत छापल्या जात. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं नावंच बदलल्याचं जाहीर केलं: ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’. हा शहाणपणाचा, व्यवहारी तोडगा होता. पण प्रोग्रामनं न विचारता अंदाज बांधायचा आणि विज्ञानानं आपली परिभाषा बदलायची, हे मला अजूनही पटत नाही. तारखांचं हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

माणसानं जे टाइप केलं ते तसंच ठेवणं हे एडिटरचं पहिलं काम आहे, आणि ते नीट व्हावं म्हणून राबणारे फार थोडे आहेत. बग सुटला की ते आणखी एक काम करतात: ज्या मजकुरावर प्रोग्राम अडखळला, तो चाचण्यांत कायमचा घालून ठेवतात, म्हणजे पुढे कुणी बदल केला तर तीच चूक लगेच पकडली जाते. मराठी लिहिणाऱ्यांनी अशी आपली अडचणीची उदाहरणं त्यांच्यापर्यंत पोचवायला हवीत. दोन्ही तऱ्हांनी साठवलेला ‘दऱ्या’ प्रत्येक एडिटरच्या चाचण्यांत असायला हवा.