ओटीपीवाले आप्पा

राजारामपुरीत गल्ल्या नंबरावर चालतात. पत्ता विचारला की माणूस आधी गल्लीचा नंबर सांगतो, मग मारुती मंदिराच्या अलीकडं की पलीकडं ते सांगतो, आणि सगळ्यात शेवटी घरमालकाचं आडनाव. अलीकडं प्रत्येक गल्लीला आणखी एक खूण आली आहे, ती म्हणजे तिथले आप्पा. कुठले आप्पा बँकेतून निवृत्त, कुठले पाटबंधारे खात्यातून, कुठले साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून. नोकरी कुठलीही झालेली असो, निवृत्तीनंतरचं खातं एकच: गल्लीतल्या समस्त जनतेची बसची तिकिटं मोबाईलवर काढून देणं. पगार नाही, कमिशन नाही, रजा तर नाहीच.

आप्पा ओळखायला सोपे. पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, पांढरी बंडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला मोबाईल. फोन ते कानाला लावत नाहीत. तोंडासमोर धरून स्पीकरवर बोलतात, त्यामुळे कोण कधी कुठं निघालंय हे तिकीट निघायच्या आधीच गल्लीला कळलेलं असतं. स्क्रीनवर बोट टेकवण्याचीही एक रीत आहे. कॅरमची सोंगटी उडवावी तशी ते उजव्या तर्जनीची टिचकी मारतात, आणि सीट नाही मिळाली तर ॲपकडं, सोंगटी हुकल्यावर बघतात तसंच रागानं बघतात.

आमच्या गल्लीतले आप्पा या क्षेत्रात आले 2021 मध्ये. त्या वर्षीच्या दिवाळीत एस्टीचा संप सुरू झाला आणि तो चालला पुढच्या एप्रिलपर्यंत. लालपरी डेपोत उभी, आणि गल्लीतल्या अर्ध्या घरांची पोरं हिंजवडीत. मग हिंजवडीतल्याच पोरानं आप्पांच्या फोनवर ॲप घालून दिलं, आणि ‘फक्त आपल्यापुरतं वापरा’ असं बजावलं. पोरानं सांगितलेली गोष्ट बापानं ऐकायची पद्धत कोल्हापुरात नाही. आठवड्याभरात आप्पा सिंगल स्लीपर, लोअर, अप्पर, पिकअप, ड्रॉप असं बोलू लागले. रेडबसचा जन्म कसा झाला हेही त्यांना पाठ आहे. 2005 च्या दिवाळीत फणींद्र समा नावाच्या तरुण इंजिनिअरला बंगळुरूहून गावी जायला बसचं तिकीट मिळालं नाही, म्हणून 2006 मध्ये त्यानं मित्रांना घेऊन ही कंपनी काढली. आप्पा यावर एवढंच म्हणतात, “तिकीट गावलं न्हाई तर ह्यानं कंपनी काढली. आम्हाला गावायचं न्हाई तवा आम्ही टपावर बसत हुतो.”

गल्लीची तिकिटं हा आप्पांचा रोजचा रियाज. खरी मैफल रंगते ती परदेशी पाव्हणा आल्यावर.

हा पाव्हणा कोल्हापुरात फार दिवस राहायला आलेला नसतो. गोव्याहून पुण्याला किंवा पुण्याहून हंपीला जाताना मध्ये उतरलेला असतो. अंबाबाई बघितली, पन्हाळा बघितला, मिसळ खाऊन डोळ्यांतलं पाणी पुसलं, चपला घेतल्या. चपलांवरून एक सांगायला हवं. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. बोंबाबोंब झाली, आणि जुलैत कंपनीची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली. तेव्हापासून आप्पा कुठल्याही गोऱ्याशी बोलताना आधी त्याच्या पायांकडं बघतात. तो प्राडाचा नाही ही खात्री पटली की मग, “हं, बोला. कुठं जायचं?”

तर हा पाव्हणा, पाठीवर त्याच्याच उंचीची सॅक, राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर मोबाईलच्या दुकानात येतो. त्याच्याकडं सगळं असतं. आपल्या गल्लीत कुणाकडं नसेल असला फोन, चकाकतं कार्ड, पासपोर्ट, व्हिसा, विमा. नसतो फक्त दहा आकडी भारतीय नंबर. ॲप उघडतं, बस दिसतात, खिडकीची सीटही दिसते. सीटवर बोट ठेवलं की नंबर मागतं, नंबरावर ओटीपी येतो, आणि पाव्हण्याचा नंबर अकरा-बारा आकडी, पुढं अधिकचं चिन्ह. ॲप त्याला ओळखत नाही. कसाबसा पुढं गेलाच तर पैसे भरायच्या पायरीवर कार्ड परत येतं. आपल्याकडं 2009 पासून ऑनलाइन कार्डाला, कार्डावर छापलेल्या माहितीशिवाय, आणखी एका पडताळणीची अट आली. आपल्या पैशाच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं, पण बाहेरचं कार्ड अजूनही पुष्कळ ठिकाणी उंबऱ्यावरच अडतं. राहिला युपीआय. 2016 मध्ये आलेला हा युपीआय आता भाजीवालीच्या हातगाडीवर लटकतो, पण त्यामागं भारतीय बँकेचं खातं लागतं. 2023 मध्ये जी-20 च्या निमित्तानं काही मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर उतरणाऱ्या परदेशी पाव्हण्यांना युपीआयची सोय झाली. आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळाचा त्यात काही संबंध नाही.

म्हणजे बघा, पूर्वी हाच पाव्हणा स्टँडजवळच्या ट्रॅव्हल्सच्या टपरीत गेला असता. टपरीवाल्यानं बसचा चौकोन चौकोन आखलेला कागद पुढं सरकवला असता, पाव्हण्यानं बोट ठेवलं असतं, नोट दिली असती, कार्बनची पावती घेतली असती. भाषा येत नसली तरी भागायचं. मग ॲप आलं ते मधला माणूस काढून टाकायला. मधला माणूस गेला कुठंच नाही. टपरीतून उठून आमच्या गल्लीत ओसरीवर येऊन बसला, आणि कमिशन घ्यायचं बंद केलं, एवढाच फरक.

दुकानातलं पोरगं पाव्हण्याला सरळ सांगतं, “ओटीपी? गो आप्पा.” आणि पाव्हणा आप्पांच्या ओसरीवर येतो.

आप्पांच्या इंग्रजीत व्याकरण मराठी आणि आत्मविश्वास इंग्रजांचा. “सिट. ईट समथिंग. देन टिकीट.” काकूंनी तोवर आत पोहे टाकलेले असतात. तिकीट काढायला लागतात तीन मिनिटं, पण आप्पांच्या चौकशा अर्धा तास चालतात. ॲप विचारतं तेवढं म्हणजे नाव, वय, स्त्री की पुरुष. आप्पा विचारतात ते म्हणजे वडील काय करतात, पगार किती, लग्न का झालं नाही, आणि एकट्यानं हिंडायला घरच्यांनी कसं काय सोडलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याच देशाकडं आप्पांचं समाधान होईल असं नाही.

मग तारखेचा तास. हंपीला जायची बस पुण्याहून येते आणि कोल्हापुरात मध्यरात्रीनंतर, बारा चाळीसला. तिकिटावर तारीख पंधरा. पाव्हणा समजतो, पंधराला रात्री जायचं. हजारो रुपये, आणि भल्याभल्यांची झोप, या चाळीस मिनिटांनी खाल्ली आहे. शिकलेसवरलेले आपले लोकही पंधराला रात्री बॅग घेऊन उभे राहतात आणि बस त्यांच्या आधी चोवीस तास सुटून गेलेली असते. आप्पा कॅलेंडर काढून आणतात, चौदाच्या चौकोनावर बोट ठेवतात. “धिस डे डिनर. धिस डे नो स्लीप. आफ्टर ट्वेल्व्ह, धिस डे.” बोट पंधरावर. पाव्हण्याला पटलंय का ते बघायला परीक्षा घेतात, आणि तो नापास झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर पिकअप. तिकिटावर लिहिलेलं असतं ‘तावडे हॉटेल’. पाव्हण्याला वाटतं, वा, खोली मिळेल, आंघोळ होईल. तावडे हॉटेल हा हायवेवरून शहरात शिरायचा फाटा आहे, आणि रात्री साडेबाराला तिथं पिशव्या, पोती, झोपलेली पोरं आणि आपापल्या बसची वाट बघणारी माणसं उभी असतात. दुसरा पिकअप कावळा नाका. तिथं पाव्हणा नकाशा उघडतो तर त्यावर ताराराणी चौक. दोन्ही एकच, पण हे घोड्यावरच्या ताराराणींखाली उभं राहिल्यावर कळतं, आणि तोवर बस गेलेली असते. म्हणून आप्पा रिक्षावाल्याला स्वतः फोन करतात, स्पीकरवर, “आपला पाव्हणा हाय, दोनशेच्या वर घेतलंस तर बघ.” पाव्हण्याला रिक्षा कुठून पकडायची हेही ठरवून देतात. गणपतीचं आगमन असेल त्या दिवशी मात्र ही सगळी व्यवस्था कोसळते. राजारामपुरीतल्या आगमन मिरवणुकीतून रिक्षाच काय, मुंगीही बाहेर काढायची म्हणजे कसरत. त्या रात्री आप्पा पाव्हण्याला गल्ल्यागल्ल्यांतून चालवत टाकाळ्याला बाहेर काढतात, पाठीवरची सॅक पुढं आपल्या हातात घेऊन.

आप्पांना एकच व्यसन. कूपन. पहिल्या बुकिंगला सूट म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा, काकूंचा, मुलीचा, जावयाचा आणि समोरच्या वैनींचा नंबर वापरून पहिलं बुकिंग पाच वेळा केलेलं आहे. याच व्यसनापायी एकदा एका सहा फूट चार इंच डच पाव्हण्याचं तिकीट काकूंच्या नावावर निघालं. महिला प्रवाशांना सूट होती, म्हणून सुमन, वय 61, स्त्री. दीडशे वाचले. रात्री बस आली, क्लीनर यादी घेऊन उतरला, “सुमनताई कोण हायत?” दाढीवाल्या डच माणसानं शिकवल्याप्रमाणं हात वर केला.

क्लीनरनं यादीकडं बघितलं, दाढीकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, “ह्योच. घे आत.” पण सीट होती डबल स्लीपरमधली, बायकांसाठी राखलेली, आणि शेजारी हुबळीला निघालेल्या एक बाई. त्या उठून बसल्या आणि कन्नडमधून बोलू लागल्या. भाषा न येणाऱ्यालाही अर्थ कळावा अशी ती कन्नड होती. ड्रायव्हर खाली आला. मग आप्पा बसमध्ये चढले, आणि त्यांनी जागावाटप हातात घेतलं. संकेश्वरला उतरणारा एकजण सिंगलमधून अप्परला, अप्परमधलं जोडपं मागं, मागचा कॉलेजचा पोरगा केबिनमध्ये ड्रायव्हरजवळ, एक आजी त्या बाईंशेजारी, आणि आजींच्या जागी सुमन. सगळी बस जागी झाली, पण भांडण मिटलं. आजी म्हणाल्या म्हणे, असला माणूस तलाठी व्हायला पाहिजे होता.

बस सुटली म्हणजे आप्पांचं काम संपलं असं नाही. लाइव्ह लोकेशनची लिंक त्यांच्याच नंबरवर आलेली असते. अंथरुणात बसून ते बघत राहतात, “कोगनोळी टोलनाका गेला... निपाणी... आता हत्तरगीला थांबतील.” काकू म्हणतात, “पोरगं पुण्याला जातंय तवा कधी जागं ऱ्हायलासा काय?” यावर आप्पांकडं उत्तर आहे. पोराकडं त्याचा स्वतःचा ओटीपी आहे.

आणि एवढं सगळं असून आप्पा स्वतः आजवर ॲपच्या बसमध्ये बसलेले नाहीत. पुण्याला जायचं झालं की सकाळी सीबीएसला जातात, स्वारगेटच्या गाडीजवळ उभे राहतात, रुमाल खिडकीतून आत टाकून सीट धरतात आणि कंडक्टरला वयाचा पुरावा दाखवून अर्ध्या तिकिटात बसतात. पंचाहत्तर पुरी झाली की तेही लागणार नाही; 2022 पासून त्या वयाच्यांना राज्यात एस्टी फुकट. आप्पा त्या वाढदिवसाची वाट बघत आहेत. “ट्रॅव्हल्समध्ये आडवं पडून जायाचं, म्हंजे रस्ता बघायचा कधी?” असं त्यांचं म्हणणं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते पटतं.

आता एक काम आहे, म्हणून हे सगळं लिहिलं.

मागं लायपझिगच्या एका पाव्हण्याचं हंपीचं तिकीट आप्पांनी काढलं. पैसे त्यानं रोख दिले. ऐन वेळी बस रद्द झाली, तो मिरजेला जाऊन रेल्वेनं निघून गेला, आणि काही दिवसांनी 840 रुपये परत आले ते आप्पांच्या खात्यावर. आप्पांनी त्याला कळवलं. त्यानं खात्याचा नंबर पाठवला, तो बावीस अक्षरी. आप्पांचं ॲप एवढं लांब काही घेत नाही. बँकेत गेले तर परदेशी पैसे पाठवायचा खर्चच 840 च्या पुढं. पाव्हणा म्हणाला, आप्पा, ठेवून घ्या, पोह्यांचे म्हणून. आप्पा चार दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. “मी काय एजंट हाय?”

पैसे एका पाकिटात घालून, वर नाव लिहून, देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेले आहेत. वाचकांपैकी कुणी लायपझिगच्या बाजूला जाणार असेल तर राजारामपुरीत येऊन पाकीट घेऊन जावं. घर कुणीही दाखवेल. पोहे खाल्ल्याशिवाय सुटका नाही, आणि परत आल्यावर पाव्हण्याची सही असलेली पावती आणून द्यावी लागेल.