घेर

फूल पाहून हरखणारे बागवाले पुष्कळ असतात. आमच्या सोसायटीतले काका कंद पाहून हरखतात. गॅलरीत हिपीॲस्ट्रमच्या कुंड्या आणि खिशात काकूंच्या शिवणाच्या डब्यातली टेप. हॉलंडचे व्यापारी या कंदांची प्रत सेंटिमीटरच्या घेरावर ठरवतात, २४-२६, ३४-३६ अशी. काकांनी ते इतकं मनावर घेतलंय की बारशालासुद्धा हात टेपकडे जातो.

मूळचं हे झाड ब्राझील-पेरूकडचं. तिकडचा कोरडा हंगाम काका पुण्यात पाळतात. दिवाळी ते संक्रांत कुंडीला पाण्याचा थेंब नाही. ‘पाहुण्यांच्या चहालाही तोच नियम,’ असं काकू म्हणतात. कंद दिसतो कांद्यासारखा आणि असतो विषारी, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायला बंदी घातली आहे. कंदाला की काकांना, हे कोणी विचारलेलं नाही.

उन्हाळ्यात पोकळ दांड्यावर कर्ण्यासारखी चार लालभडक फुलं येतात. सगळी सोसायटी फोटो काढते. काका कडेला उभे राहून कंद किती सेंटिमीटर खंगणार याचा हिशेब करत असतात. फूल म्हणजे खर्च! बी धरायच्या आत ते खुडतात, दांडा मात्र हिरवा असेपर्यंत ठेवतात, कारण तोही कंदाला घास भरवतो. बी धरू देण्याबाबत काकांना अपवाद मान्य आहे तो एकाच माणसाचा. आर्थर जॉन्सन, इंग्लंडातल्या लँकेशायरचा घड्याळजी. त्याने १७९९च्या सुमाराला यातला पहिला संकर केला. ‘बी पेरून फुलाची तीन-चार वर्षं वाट बघायची, हे घड्याळजीलाच जमणार,’ काका सांगतात, जणू जॉन्सनचं दुकान लक्ष्मी रोडला होतं.

कंदाला फुटलेली पिल्लं ते सढळ हाताने वाटतात, पण सूचनांसकट: मान मातीवर हवी, पाणी बेताने. तळमजल्यावरच्या वहिनींनी सूचना ऐकल्या आणि पिल्लू रंगाच्या रिकाम्या डब्यात गळ्यापर्यंत पुरलं. वर रोज तांदळाचं धुवण. यंदा त्याला दोन दांडे आले.

काका खाली आले. फुलांकडे पाहिलंही नाही. बोटाने माती उकरली, टेप गुंडाळली.

‘२८.’

‘म्हणजे चांगलं ना हो, काका?’

‘पिल्लू माझं होतं, एवढं लक्षात ठेवा,’ म्हणाले आणि जिना चढू लागले.