३५ हजार फुटांवरची पंगत

निलंग्याचा माणूस अमेरिकेला जाऊन आला की गावात त्याला पहिला प्रश्न नायगाऱ्याचा विचारत नाहीत. "विमानात खायला काय देतेत?" हे विचारतात. उत्तरं दोनच ठरलेली आहेत. एक, "लई देतेत, सारखं आणून देतेत." दुसरं, "कशाचं काय हो, उपाशी आलो." ही दोन्ही उत्तरं एकाच विमानातून उतरलेल्या नवरा-बायकोनं एकाच ओसरीवर बसून दिलेली मी ऐकली आहेत, आणि दोघंही खरं बोलत होते. चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणात इकॉनॉमीवाल्यांना दोन वेळा जेवण येतं, मधे एकदा काहीतरी किरकोळ येतं, आणि चहा, कॉफी, रस मागेल त्याला मिळतो. म्हणजे समोर पुष्कळ येतं. त्यातलं पोटात किती जातं हा स्वतंत्र विषय असून, त्यात आमच्या थोरल्या मेव्हण्यांचा, म्हणजे अण्णांचा, सखोल अभ्यास झालेला आहे.

अण्णा माळकरी. त्यांची लेक शिकागोला. वहिनी बाळंतपणासाठी आधीच तिकडं गेलेल्या, आणि बारशाला आम्ही दोघं आणि अण्णा असे तिघं निघालो. आमची तिकिटं पुण्याच्या मुलानं काढली, अण्णांचं जावयानं. हा फरक वरकरणी किरकोळ वाटतो. पुढं त्यानंच घात केला.

लांबच्या विमानात आपल्या जेवणाची जात आधी कळवावी लागते, निदान २४ तास आधी. त्यासाठी जगभरच्या विमान कंपन्यांनी चार-चार इंग्रजी अक्षरांच्या खुणा ठरवून ठेवल्या आहेत. एव्हीएमएल म्हणजे आपल्याकडचं मसाल्याचं शाकाहारी. व्हीजीएमएल म्हणजे बहुतेक ठिकाणी दूध-दही-तूपही वर्ज्य असलेलं. व्हीजेएमएल जैनांचं, कांदा-लसूण-बटाट्याविना. डीबीएमएल मधुमेह्यांचं. बीएलएमएल पोटाला सोसेल असं मिळमिळीत. आणि एचएनएमएल म्हणजे हिंदू मील. मुलानं आमच्यापुढं एव्हीएमएल टाकलं. जावयानं अण्णांना फोनवर यादी वाचून दाखवली. "हिंदू" हा शब्द ऐकल्यावर अण्णांनी पुढची यादी ऐकलीच नाही. "तेच टाका. आपलंच हाय की ते."

विमान हैदराबादहून होतं. हैदराबाद आम्हाला परकं नाही. १९५६ पर्यंत निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता आणि बीदर हैदराबाद राज्यात. त्यामुळं आमच्या आजोबांची कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं तिकडंच. भालकी, बीदर, जहिराबाद करत गाडी काढायची. निघण्याआधी अण्णांनी गाड्यावर उभं राहून निलंगा राइसची एक प्लेट खाल्ली. लातुरात, पुण्यात कुठंही या नावाचा गाडा दिसला की आमच्या माणसाची मान ताठ होते. वाफाळता, तिखट भात, सोबत कांदा अन् वर पिळलेलं लिंबू. "आता शिकागोपर्यंत काळजी न्हाई," असं म्हणून त्यांनी हात पुसला.

बांधाबांधीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या गळाल्या, कारण खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, आणि म्हणून चेक-इन बॅगेत त्याला मनाई आहे. शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत गेली. धपाटे हातातल्या पिशवीत. त्याच पिशवीत, कुणालाही न सांगता, अण्णांनी लोणच्याची बरणी ठेवली होती. तपासणीवरच्या जवानानं ती काढून उजेडात धरली. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ चालत नाही, आणि लोणच्यावर तर चांगलं बोटभर तेल होतं. "तेल वर आलंय म्हणजे लोणचं मुरलंय," अण्णांनी त्याला समजावून सांगितलं. जवानाला ते पूर्ण पटलं. बरणी तिथंच राहिली.

आखातातल्या एका विमानतळावर विमान बदललं, आणि निलंग्याच्या घड्याळानं सकाळी साडेदहाला शिकागोचं विमान उडालं. निलंग्याच्या घड्याळानं म्हणायचं कारण, अण्णांनी मनगटावरचे काटे शेवटपर्यंत हलवू दिले नाहीत.

तासाभरात वास आला. मग गाड्या आल्या. विमानातलं जेवण ही पंगतच असते, फक्त उलट्या नियमांची. आपल्याकडं वाढपी दहा वेळा फिरतो, इथं एकदाच. आपल्याकडं नको म्हटलं तरी पडतं, इथं हवं म्हटलं तरी पाहतात. आपल्याकडं जेवून झालं की उठता येतं, इथं पुढ्यात ताट असेपर्यंत माणूस जागेला कुलूपबंद. एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी. शेवटच्या पंक्तीचं नशीब फुटकंच. "चिकन ऑर पास्ता?" हा प्रश्न पहिल्या रांगांना विचारतात. चाळिसाव्या रांगेपर्यंत गाडी येते तेव्हा त्यातलं "ऑर" संपलेलं असतं.

पण खुणेवाल्यांचा मान वेगळा. खास जेवणाची ताटं सगळ्यांच्या आधी, नावानिशी येतात. हवाईसुंदरी आसनक्रमांक बघत आली आणि वाकून म्हणाली, "हिंदू मील?" आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा सावरून बसले. "हाव," म्हणाले.

ताट म्हणजे पाटीएवढा एक ट्रे. त्यात एक इंचही मोकळा नाही. मधोमध चांदीच्या कागदाची चौकोनी डबी, हात लावला तर चटका बसतो. शेजारी बर्फगार पाव, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. अंगठ्याच्या नखाएवढं लोणी, इतकं कडक की पावाला लावायला गेलं तर पाव फाटतो. काकडीच्या तीन चकत्या आणि एक काळं ऑलिव्ह. दह्याची वाटी, पाण्याची वाटी, दोन्हींवर चिकटवलेली झाकणं. गोडाचा एक तुकडा. चमचा, काटा, सुरी एका रुमालात, आणि त्याच रुमालात मीठ-मिऱ्याच्या दोन पुड्या, ज्या सगळ्यात शेवटी, जेवण संपल्यावर सापडतात. खरी पंचाईत झाकणांची. पाच झाकणं काढायची, आणि ती ठेवायला जागा कुठंच नाही. अण्णांनी एक कपाळाला टेकवून पाहिलं, मग गुपचूप बंडीच्या खिशात घालायला लागले.

दह्याची वाटी मात्र त्यांनी जोरात उघडली. ती भरतात जमिनीवर. वर गेल्यावर बाहेरचा हवेचा दाब उतरतो, आतला तेवढाच राहतो, आणि झाकण टम्म फुगतं. दही थेट शेजारच्या गोऱ्या पोराच्या बाहीवर. पोरगं हसलं. अण्णांनी आपल्या रुमालानं त्याची बाही पुसली, पुसता पुसता त्याचं गाव विचारलं, आणि मग सावकाश चांदीची डबी उघडली.

आत भात होता, घेवड्याच्या शेंगा होत्या, आणि लाल रश्शात तंगडी होती.

अण्णा काही बोलले नाहीत. गळ्यातल्या माळेवर हात ठेवून त्यांनी झाकण परत लावलं. हवाईसुंदरीनं बिचारीनं समजावून सांगितलं की हिंदू मीलमध्ये गोमांस नसतं, एवढंच वचन आहे. कोंबडी, बकरं, मासळी चालते. शाकाहारी पाहिजे तर तसं वेगळं कळवायचं. मी भाषांतर केलं. "म्हंजे काय खात न्हाईत तेवढं बघून जात ठरविली," अण्णा म्हणाले, "खातेत काय ते कोण इचारायचं?" तिनं शोधून एक पास्ता आणून दिला. अण्णांनी काट्यानं एक तुकडा उचलून त्याच्या आरपार पाहिलं. "कणकेच्या नळ्या," असा निष्कर्ष निघाला. मग पिशवीतले धपाटे बाहेर आले. एक गोऱ्या पोरालाही मिळाला, आणि त्यानं तो असा खाल्ला की माझ्या बायकोनं त्याला आग्रह करून दुसरा वाढला. त्या विमानातला तो एकमेव आग्रह.

बायकोच्या एव्हीएमएलमध्ये छोले-भात होता. चार घास खाऊन ती म्हणाली, "मीठच न्हाई." मीठ होतं. जीभ नव्हती. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरचा ठेवतात, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर जेवायला बसलेलो असतो. हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली, त्यामुळं नाक कोरडं, आणि नाक गेलं की चव गेली. जर्मनीच्या लुफ्तान्झा कंपनीसाठी तिथल्या फ्राउनहोफर संस्थेनं २०१० साली यावर प्रयोग केले. अशा हवेत खारट चव २० ते ३० टक्के कमी लागते आणि गोड १५ ते २० टक्के. टोमॅटोची चव मात्र टिकून राहते. जमिनीवर टोमॅटोच्या रसाला हात न लावणारी माणसं वर गेल्यावर तो मागून का पितात, याचं कोडंही त्यातच उलगडलं. त्यात इंजिनांची एकसारखी घरघर. कान भरले की जीभही मंदावते.

शिवाय हे जेवण तिथं शिजत नाही. ते विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात कित्येक तास आधी शिजवतात, झटक्यात गार करतात, पाच अंशांच्या आत ठेवतात, आणि वर गरम हवेच्या भट्टीत वीसेक मिनिटं तापवतात. या दिव्यातून रस्सा सुखरूप बाहेर पडतो, पास्ता पडतो, भात कसाबसा पडतो. भाकरी पडूच शकत नाही, ती पापड होऊन येईल. चहाचंही तेच. त्या दाबात पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. ज्या चहाला निलंग्यात तीन उकळ्या देतात, त्याला इथं एकही धड मिळत नाही. अण्णांनी एक घोट घेतला. "पाण्याला चहा दाखविलाय," म्हणाले.

त्यांचा राग निवावा म्हणून मी त्यांना इतिहास सांगितला. विमानात पहिलं जेवण विकलं गेलं ते ११ ऑक्टोबर १९१९ रोजी, लंडन ते पॅरिस, खोक्यात, तीन शिलिंगांना. १९५८ साली अटलांटिकवर स्वस्त तिकिटं निघाली, तेव्हा विमान कंपन्यांच्या संघटनेनं नियमच केला की या वर्गाला फक्त साधं, थंड, स्वस्त सँडविच द्यायचं. एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीनं सँडविचच्या नावाखाली लोकांना पोटभर जेवायला घालायला सुरुवात केली. पॅन ॲमनं तक्रार केली, आणि चांगलं जेवण दिल्याबद्दल एसएएसला २० हजार डॉलर दंड झाला. अण्णांना हे फार मनाला लागलं. "जेवू घातलं म्हणून दंड?" पुढं १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी प्रत्येक सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढायला लावलं आणि वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले, अशी गोष्ट सांगतात. अण्णांनी ट्रेमधलं ऑलिव्ह काट्यानं बाजूला सारलेलंच होतं. ते रुमालात गुंडाळून त्यांनी हवाईसुंदरीच्या हातात दिलं. "साहेबाला द्या म्हणावं. आणखी एक वाचलं."

पुढचे काही तास पश्चिमेकडं जाण्यात गेले. अशा प्रवासात सूर्य पाठ सोडत नाही. खिडक्या खाली, दिवे बंद, आत कृत्रिम रात्र, आणि खिडकीची फट उघडली की बाहेर लख्ख ऊन. निलंग्यात रात्रीचे साडेअकरा वाजले तेव्हा दिवे लागले आणि दुसरं जेवण आलं. खूण एकदा लागली की ती प्रवासभर चालते. "हिंदू मील?" अण्णांनी झाकण बोटभर उचललं, आत पाहिलं, परत लावलं. पास्ता संपला होता. धपाटे कधीच संपले होते.

"न्या परत," अण्णा म्हणाले. "उद्या एकादशी हाय. आता लागलीच की."

"अण्णा, उजाडल्याशिवाय एकादशी कशी लागंल?" बायको म्हणाली.

अण्णांनी खिडकीचं झाकण सर्रकन वर केलं. ढगांवर ऊन रणरणत होतं. "आणखी किती उजाडायचं?"

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. हवाईसुंदरीनं एक केळ आणून दिलं, ते फराळात बसलं.

शिकागोला उतरलो तेव्हा अण्णांच्या घड्याळात रात्रीचा दीड, आणि भिंतीवरच्या घड्याळात दुपार. कस्टमच्या अधिकाऱ्यानं विचारलं, खाण्याचं काही सोबत आहे का. मांस आणि ताजी फळं नेता येत नाहीत, बाकी जे असेल ते मुकाट सांगून टाकायचं. मी चटणीचं सांगितलं. अण्णांनी मला मराठीत सांगितलं, "इचारूलालेत तर सांगा त्यांना. विमानात नव्हतं, अन् आमच्याकडचं संपलं."

बाहेर जावई उभे. पाया पडले, सामान घेतलं, आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "मामा, जेवण वेळेवर मिळालं ना? हिंदू मील मुद्दाम सांगितलं होतं."

लेकीच्या सासरचा माणूस. अण्णा शांतपणे म्हणाले, "लई देत होते. सारखं आणून देत होते." आणि जरा थांबून, "आज तिथी कोणती हो तुमच्याकडं?"

"दशमी, मामा. इथं एकादशी उद्या."

अण्णा पुढच्या आसनाला धरून सरळ झाले. "म्हंजे आज खायला चालतंय?"

"चालतं की. डेव्हॉन अव्हेन्यूवर आपलं सगळं मिळतं. पण घरी स्वयंपाक तयार—"

"घरचं रात्री जेवू," अण्णा म्हणाले. "दशमी संपायच्या आत गाडी तिकडं घ्या."